रोमचा पटवारी

मला रोमच्या जुन्या भाषेतला एकच शब्द येतो. ट्रिब्युटारियस. म्हणजे शेतसाऱ्यासंबंधीचा, सारा भरणारा. मी मराठी चौथी शिकले आणि पुढे आयुष्यभर निंदण-खुरपण केलं. हा शब्द माझ्या तोंडी कसा, असं नातवंडं विचारतात. गोविंदा मास्तरांमुळे. त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. ते थोर होते असं माझं म्हणणं नाही. हट्टी होते, आणि बायकोला पाणी भरू लागत नसत.

आमचं गाव रिसोडपासून दोन कोसांवर. मास्तरांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. छप्पन साली सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, तेव्हा मास्तर पुढे होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आणि सत्तर सालाच्या आसपास निवृत्त झाले. उंच, वाळलेले, धोतर स्वच्छ, पायात टायरच्या चपला. खिशात नेहमी खडू. निवृत्त झाल्यावरही खडू. दिसेल त्या भिंतीवर, दगडावर, एकदा तर आमच्या म्हशीच्या पाठीवर त्यांनी शब्द लिहून दाखवला होता.

त्यांचे वडील जुन्या काळी गावचे चाकर. साऱ्याच्या दिवसांत घरोघर बोलावणं करायचं, आणि जमलेला पैसा पोत्यात बांधून, डोक्यावर घेऊन तहसिलीपर्यंत चालायचं. पुढे घोड्यावर अंमलदार, मागे हे. मास्तर सांगत, "पैसा डोक्शावर, अन् त्यातला एक पैसा त्याचा नाई."

लहानपणी मास्तर एका म्हाताऱ्या गोऱ्या पाद्र्याकडे कामाला होते. पुस्तकं झटकायची, कंदील पुसायचा. पाद्र्याला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्यानं या पोराला लॅटिन शिकवलं. आमच्याकडे एखादा म्हातारा पोपटाला बोलायला शिकवतो तसं. मास्तर स्वतःच असं म्हणत आणि हसत. पाद्र्यानं एकदा विचारलं, तुझा बाप काय करतो? पोरानं सांगितलं. तेव्हा पाद्र्यानं हा शब्द दिला. परत मायदेशी जाताना एक जाडजूड लॅटिन-इंग्रजी शब्दकोशही दिला. मास्तरांची इस्टेट तेवढीच.

त्या शब्दाची सगळी वंशावळ त्यांना पाठ होती, आणि ऐकून ऐकून मलाही झाली. रोमच्या लोकांच्या टोळ्या होत्या, टोळीला म्हणायचे ट्रिबुस. टोळीटोळीत वाटून द्यायचं ते ट्रिबुएरे. टोळीवार वसूल करायचा तो ट्रिबुटुम, म्हणजे सारा. त्या साऱ्याला मागून 'आरियस' अशी शेपटी लावली की झालं विशेषण. ते पुरुषाला लावलं तर ट्रिब्युटारियस, बाईला लावलं तर ट्रिब्युटारिया, आणि नपुंसकलिंगाला ट्रिब्युटारियम.

"आपला महसुली शब्द पाहा," ते म्हणत. "महसुली गाव, महसुली जमीन, महसुली काम. आळशी आहे. कोनाच्याही घरी त्याच कपड्यात जाते. रोमवाल्याहिचा शब्द बाईकडे निंगाला का लुगडं नेसते."

त्यांची बायको पारबताबाई, मी तिला जिजी म्हणत असे, चुलीपुढून ओरडायची, "त्या शब्दाले लुगडं आहे, मले कवा घेता?"

"तू ट्रिब्युटारिया होय, जिवाची."

"मले नावं नका ठेवू. घागर रिकामी आहे."

मास्तर ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत. सांग, सारा भरणारा बैल. सांग, सारा भरणारी बाई. लोक टाळायला लागले. कोणीतरी त्यांना 'रोमचा पटवारी' नाव ठेवलं आणि ते गावभर झालं. ते चिडले नाहीत. म्हणाले, पटवारी तरी म्हनतात, आमच्या बापाले काय म्हनत होते ते मले ठाऊक आहे.

एवढा एकच शब्द का धरून बसलात, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर तूर निवडत होते.

ते म्हणाले, "पाद्री सांगे, हा शब्द आधी मानसाचा नव्हता. आधी वस्तूचा होता, जमिनीचा. साऱ्याची पाटी, साऱ्याची जमीन. लई दिवसांनी तो मानसाले चिकटला, अन् मंग असा चिकटला का मानूसच गायब. नुसतं ट्रिब्युटारियस म्हतलं का समजायचं, त्या जमिनीले बांधलेला हलका मानूस. विशेषण होतं, नाव होऊन बसलं."

"मंग?"

"मंग काय? जे मागून चिकटते ते निंघते. मानूस तसा जन्मत नाई."

मी तूर निवडत राहिले. पण मला समजलं. आमच्या वस्तीत ते कोणालाही समजलं असतं.

आता पटवाऱ्याची गोष्ट. खऱ्या पटवाऱ्याची. कागदावर त्याला तलाठी म्हणायला लागले होते, पण गाव पटवारीच म्हणे. मास्तरांना वस्तीजवळ दीड एकर जमीन होती, आणि सारा ते पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला भरत. धुतलेलं धोतर नेसून चावडीवर जात. पैसे ठेवून म्हणत, "लिहा, ट्रिब्युटारियस आला." जुना पटवारी हसून पावती फाडायचा. नवा आला तो तरुण होता आणि त्याला शहाणपणाची हौस होती. त्या वर्षी मी आमच्या सासऱ्यांच्या पावतीसाठी तिथेच उभी होते. मास्तरांनी टोळीपासून शेपटीपर्यंत सगळं सांगितलं, आधी जमीन आणि मग माणूस हेही. पाठीमागे रांग कुरकुरत होती.

पटवारी म्हणाला, "मास्तर, तुमचं उलटं होऊन राह्यलं. आधी मानूस पायजे. मानूस नसन तर सारा कोनावर बसवता? जमीन काय पैसे काढून देते? आधी मानूस, मंग त्याच्या नावाचा सातबारा. तुमच्या रोमात तरी येगळं काहून असन?"

लोक हसले. एकानं म्हटलं, "पटवारी जितला, रोमचा हरला."

मास्तर तसेच वळून निघाले. पावती घ्यायची विसरले, ती मी आणली. वाटेत मला म्हणाले, "सुभद्रे, पाद्र्यानं आधी जमीन म्हतलं होतं, का मीच मनानं धरलं?"

"तुमच्या पुस्तकात पाहा ना."

"पाहतो."

इथून त्यांचं सुख गेलं. कारण तोवर त्यांची नजर अधू झाली होती. दूरचं झाड दिसे, पण त्याचं मधलंच दिसे, कडेचं दिसत नसे, असं काहीतरी. वाशीमला शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे गेले. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं किती दिवस ते सांगता येत नाही. मास्तर घरी येऊन जिजीला म्हणाले, काच आहे म्हणते. जिजी म्हणाली, मंग पुसून काहून नाई दिली?

शब्दकोशाचा बारीक छापा आता त्यांना नुसता मुंग्यांसारखा दिसे. पुस्तकही जुनं झालं होतं. शेवटची शंभरेक पानं शिवणीतून सुटली होती, आणि आपला शब्द त्या सुट्या पानांत होता. त्यांनी ठरवलं, रिसोडला जाऊन पानं बांधून घ्यायची, एक भिंग विकत घ्यायचं, आणि ओळ न ओळ बघून ठरवायचं, आधी जमीन की आधी माणूस. सुटी पानं त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली.

तो चैत्र-वैशाखाचा सुमार होता. आमच्याकडे बायका उन्हाळ्यात कागदाच्या टोपल्या करतात. रद्दी कागद दोन-तीन दिवस भिजत घालायचे, भिजवलेली मेथी घालून उखळात कुटायचे, तो लगदा पालथ्या घागरीवर थापायचा, वाळला की टोपली. वरून खडूमाती लावायची. बांबूची टोपली महाग, आणि तिच्यातून पीठ गळतं. मास्तरांच्या घरी दर वर्षी परीक्षा झाल्यावर शाळेतले जुने पेपर येत. निवृत्त झाले तरी हेडमास्तर पाठवत असे. त्या कागदांवर आम्ही अर्धी वस्ती टोपल्या करत असू.

त्या दिवशी मास्तर शेतात होते. जिजीनं शाळेची रद्दी काढली, आणि कोनाड्यातलं गाठोडंही काढलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला भिंतीवरून हाक मारली.

"सुभद्रे, हे पाय व, कामाचं आहे का काई?"

मी पाहिलं. इंग्रजी अक्षरं, बारीक छापलेली, दोन्ही बाजूंनी. दोन्ही घरांतल्या बायकांत चौथी शिकलेली मीच. मी म्हणाले, "इंग्रजीचे पेपर हायत जिजी. भिजव."

जिजीनं हंड्यात टाकले. मीच वरून पाणी ओतलं आणि वर दगड ठेवला.

तिसऱ्या दिवशी मास्तरांना गाठोडं आठवलं. तोवर लगदा कुटून झाला होता. मेथीचा वास सुटला होता. मी हात कोपरापर्यंत भरून बसले होते, तेव्हा ते कोनाडा चाचपत विचारत होते, माझं फडकं कुठं आहे? जिजी म्हणाली, फडकं धुतलं. ते थांबले. मग त्यांनी विचारलं, "त्यातलं?"

मी सांगितलं. लपवून काय करणार होते? मी म्हणाले, मी म्हतलं भिजव, मले पेपर वाटले.

ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात लगद्यात घातले. हळूहळू बोटांनी शोधत होते, गव्हातला खडा शोधतात तसं. काही चिठोऱ्या निघाल्या. त्या त्यांनी बाजेवर उन्हात पसरल्या. कुठे दोन अक्षरं, कुठे तीन. मेथीमुळे संध्याकाळपर्यंत त्यांना मुंग्या लागल्या.

मी म्हणाले, "मास्तर, मले बोला काही."

ते म्हणाले, "काय बोलू? तुले काहीच वाचता येत नसतं, तर तू मले विचारलं असतं."

मला आयुष्यात लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्या. त्यातली एकही मला लक्षात नाही. हे वाक्य आहे.

लगद्याच्या टोपल्या आम्ही केल्याच. न करून पानं परत येणार नव्हती.

त्यानंतर मास्तरांनी अकोल्याच्या एका कॉलेजला जवाबी कार्ड पाठवलं. लिहिलं मी, मजकूर त्यांचा. कृपया अमुक शब्दाचे अर्थ क्रमाने कळवावेत. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं, तेही गेलं. मग ते म्हणाले, आपन जाऊन पाहू. जिजीला गुडघ्यामुळे गाडीत बसवत नसे. माझ्या नवऱ्यानं विचारलं, तू काहून जातं? मी म्हणाले, मीच भिजवलं म्हणून.

जाण्याआधी पंधरा दिवस त्यांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली. खडूनं ओट्यावर, वीतभर मोठी, कारण त्यांनाही दिसायला हवीत. सव्वीसच्या सव्वीस मी पाठ केली. आम्ही दोघं खूश होतो.

रिसोडहून वाशीम, वाशीमहून अकोला. दुपारी कॉलेजात पोचलो. सुट्या लागल्या होत्या. ग्रंथपाल गावी गेलेले. एक कारकून टेबलावर पुस्तकांची मोजणी करत होता. तो म्हणाला, बाहेरच्यांना परवानगी नाही. मास्तर नुसते उभे राहिले. मीही उभी राहिले. अर्ध्या तासानं तो कंटाळला आणि म्हणाला, "आजोबा, काय पायजे ते पाहा अन् जा. साडेपाचला कुलूप लावतो." त्यानं शब्दकोश काढून दिला. पान मात्र त्यानंच शोधलं, बोट ठेवलं आणि गेला. मास्तरांनी त्याला वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं दोन ओळी भराभर वाचल्या, मास्तरांना एक अक्षर कळलं नाही. पुन्हा म्हटल्यावर तो म्हणाला, मले मोजणी हाये.

मग मी वाकले आणि पानावर बोट ठेवलं. ती अक्षरं माझी नव्हती. मास्तरांनी मला मोठी लिपी शिकवली होती, आणि पुस्तकात सगळी लहान होती. लहान अक्षरं वेगळी असतात हे मला माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं मास्तरांच्या लक्षात राहिलं नाही. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या.

"मास्तर, हे तुमी शिकवलेलं नाई."

त्यांनी खुर्ची पानाजवळ ओढली. मग म्हणाले, "कसं दिसते ते सांग."

मी सांगायला लागले. काठी, तिला आडवी दांडी. ते म्हणाले, टी. वाकलेलं रोप. आर. काठीवर टिकली. आय. काठीच्या पायाशी पोट. कोणत्या अंगाला? उजव्या. बी. उघडं मडकं. यू. असं सगळं. पुढे भाकर आली, साप आला, शेपटीवालं पोट आलं. एक अक्षर चष्म्यासारखं होतं, त्यावर आम्ही फार वेळ अडलो. ते अक्षरं मनात जोडत, ओठ हलवत, आणि शब्द झाला की म्हणत, हां. कारकून दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा हसला नाही.

पहिला अर्थ लागला: साऱ्यासंबंधीचा. मास्तर म्हणाले, "बरोबर. हे मले याद होतं. पुढं." पुढं आकडे, टिंबं, आखूड आखूड शब्द. मग मी सांगितलं, काठी, शेपटीवालं पोट, कमान, डाव्या पोटाची काठी.

"लँड," ते एकदम मोठ्यानं बोलले. "जमीन! सुभद्रे, जमीन आली. जमिनीले लावला आहे. आता मानूस कुठं आहे पाय. मानूस याच्या खाली आहे का?"

"मले मानूस कसा दिसते ते कुठं माहीत आहे?"

"मंग सांगत जा. सोडू नको."

मी सांगत गेले. पाच-सहा शब्द झाले असतील. कारकून आला, किल्ल्या वाजवल्या. मी राहिलेल्या ओळी मोजून सांगितल्या, आणि मास्तर म्हणाले, भौ, नऊच ओळी राहिल्या. तो म्हणाला, "आजोबा, माझी गाडी जाते." त्याचंही खोटं नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं.

शेवटच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. पातूरच्या घाटात मला सुचलं की मला ती अक्षरं वाचता आली नसती, तरी चित्रासारखी उतरवून घेता आली असती. रांगोळीचे ठिपके उतरवतो तशी. पेन्सिल माझ्या पिशवीत होती, जवाबी कार्डाच्या वेळची. नऊ ओळी, अर्ध्या तासाचं काम. घरी आणून खडूनं मोठी करून दाखवता आली असती. अक्कल आली ती घाटात आली. मी त्यांना ते सांगितलं नाही.

मास्तर अंधारात विचारत होते, "तुले काय वाटते, खाली मानूसच असन ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? माझी सासू म्हणाली असती, जिजी म्हणाली असती. मी म्हणाले, "मले माहीत नाई मास्तर." भिजव म्हणताना मी एकदा माहीत असल्यासारखं बोलले होते. पुन्हा बोलणार नव्हते.

पुन्हा जायचं ठरलं होतं. पावसाळ्यात ते ओट्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या काळी आमच्याकडे म्हातारा खुब्यातून मोडला की बाजेवर पडून राही. त्यांना निंबाखाली बाजेवर ठेवत. नजर पुरती गेली होती. लोक आता त्यांना अडवू देत, कारण ते उठू शकत नव्हते. पटवारी स्वतः सारा घ्यायला बाजेजवळ येई. तो म्हणाला एकदा, "मास्तर, सोडा ना, मी गमतीनं म्हतलं होतं." मास्तर म्हणाले, "गमतीनं म्हतलं असन, पन बरोबर असन तर?" पटवारी पाय खाजवत उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याला मानोऱ्याकडे धरणाच्या कामावर चौकीदाराची नोकरी लागली. आम्ही घर उचललं. निघताना मी बाजेजवळ गेले. जिजी त्यांची दाढी करत होती. एका गालावर साबण तसाच होता.

"कोन?"

"सुभद्रा. निंगालो आमी."

त्यांनी जिजीचा हात बाजूला केला. "ते पान डाव्या अंगाचं होतं का उजव्या?"

"उजव्या."

"अन् आपला शब्द वर होता का मधात?"

"मधाच्या खाली."

"जमिनीनंतर किती ओळी राहिल्या? नीट याद कर."

"नऊ. दहावी अर्धी होती."

त्यांनी छातीवर हात ठेवून नऊ बोटं मोजली, मग दहावं अर्धं दुमडलं. तसंच धरून ठेवलं. "नऊ म्हनजे पुष्कळ झाल्या," ते म्हणाले. "नऊ ओळीत मानूस मावते."

बाहेर माझा नवरा हाका मारत होता. जिजी म्हणाली, "हालू नका, कापन." त्यांनी मान वर केली आणि बोटं तशीच धरून दुसरा गाल तिच्यापुढे केला.